सहा सिलिंडरांची खांदमळण

चौतीस वर्षं तहसील कचेरीत काढली आणि निवृत्त झालो त्या दिवशी माझ्या टेबलावर एकही फाईल शिल्लक नव्हती. हे मलाच सांगावं लागतंय, कारण निरोपसमारंभात ते सांगायचं सगळे विसरले. आदिलाबादेत लोक मला अजून पेशकार म्हणतात. ते पद निजामाबरोबर गेलं, हाक तेवढी मागे राहिली. अशा माणसाला भाच्याने ‘मामा, एक छोटंसं काम आहे’ म्हटलं, की मामा हुरळतो. तसा मी हुरळलो.

भाचा म्हणजे जयदीप. हैदराबादेत नोकरी, नागपुराहून घेतलेली जुनी गाडी, आणि कंपनीने दीड वर्षासाठी परदेशी धाडलेलं. गाडी माझ्या अंगणात ठेवून त्याने दोन गोष्टी हाती दिल्या. एक, सूचनांचा कागद: दर आठवड्याला चालवा, चांगलंच पेट्रोल घाला, बंद करण्याआधी मिनिटभर नुसतं सुरू राहू द्या, टर्बोला थंड व्हायला वेळ लागतो. दोन, नागपूरच्या कचेरीचं नाहरकत पत्र. त्याच्या आधारे गाडीला तेलंगणाचा नंबर घ्यायचा होता. पत्राची मुदत सहा महिने. त्यातले साडेचार जयदीपने विचार करण्यात घालवले होते. उरलेल्या दिवसांत गाडी इथे दाखल झाली नाही, तर पत्र बाद. मग गाडी नागपूरच्या दप्तरातून गेलेली आणि आमच्या दप्तरात न आलेली, म्हणजे रस्त्यावर काढताच न येणारी. “जशीच्या तशी आणि नव्या नंबरासकट परत देईन,” असं मी सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, अधिकारपत्रावर सही केली.

गाडी दिसायला काळी, लांबट, बुटकी. गल्लीत तिला फारसं कोणी विचारलं नसतं. पण पहिल्याच रविवारी मी बॉनेट उघडलं आणि शेजारचे अनंतराव कुंपणापलीकडून आले. हे अनंतराव बेल्लमपल्लीच्या कोळसा खाणीच्या वर्कशॉपातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. आपल्या मुलीच्या लग्नात ज्यांनी जनरेटरकडे पाठ केली नाही, असे गृहस्थ. त्यांनी आत डोकावून पाहिलं, आणि चपला काढून बाजूला ठेवल्या.

“पेशकारसाहेब,” ते हळूच म्हणाले, “एका ओळीत सहा आहेत.”

मी म्हटलं, कागदावरही सहाच लिहिलेत, म्हणजे तक्रार नाही.

त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी चहा गार होईपर्यंत ऐकलं, आणि मी चहा गार होऊ देणारा माणूस नाही. पहिला आणि सहावा दट्ट्या, म्हणजे पिस्टन, बरोबर वर जातात, बरोबर खाली येतात. दुसरा-पाचवा ही एक जोडी, तिसरा-चौथा दुसरी. जोडीतला एक जोर लावून खाली येतो, तेव्हा त्याच्यासोबत उतरणारा सोबती नुसता श्वास घेत असतो. पुढच्या फेरीला कामं उलट. तिन्ही जोड्या एकमेकींपासून सारख्या अंतरावर, त्यामुळे एकीचा हिसका बाकीच्या दोघी जिरवतात. म्हणून इंजिन थरथरत नाही. ठिणगीही ओळीने पडत नाही: आधी पहिल्यात, मग पाचव्यात, तिसऱ्यात, सहाव्यात, दुसऱ्यात, चौथ्यात. शेजाऱ्याला लागोपाठ राबवायचं नाही, असा नियम.

“आणि हा टर्बो,” ते एका गोगलगायीसारख्या लोखंडी डब्याकडे बोट दाखवून म्हणाले. “जळून गेलेला धूर बाहेर जाता जाता याच्यातला भोवरा फिरवतो. मिनिटाला लाखावर फेरे. तो भोवरा ताजी हवा दाबून पुन्हा आत कोंबतो. आणि पहिल्या तिघांचा धूर एका वाटेने, दुसऱ्या तिघांचा वेगळ्या वाटेने, म्हणजे कोणी कोणाच्या पायात पाय घालत नाही.”

म्हणजे निकाली निघालेल्या कागदांच्या वाऱ्यावर नवी आवक ओढून घ्यायची. चौतीस वर्षांत आमच्या कचेरीला हे सुचलं नाही. मी त्या डब्याला मनातल्या मनात नमस्कार केला.

परिवहन कचेरीत पहिल्या खेपेला गाड्यांचा मुआयना, म्हणजे तपासणी, करणारे साहेब भेटले ते तरुण, नीटनेटके आणि, दुर्दैवाने, प्रामाणिक. नियम असा, की चासीचा नंबर आणि इंजिनाचा नंबर यांच्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायची, उमटेल तो ठसा फाईलला लावायचा. चासीचा ठसा दोन मिनिटांत आला. इंजिनाचा नंबर मात्र कुठे दिसेना. साहेबांनी टॉर्च मारला, मी मारला, मागच्या रिक्षावाल्याने मारला. जयदीपला फोन लावला, तर तो झोपेतून म्हणाला, “खाली कुठेतरी असतो, मामा.” साहेब मला तेलुगूत ‘रेपु’ म्हणाले. रेपु म्हणजे उद्या. मला तेलुगू फार येत नाही, पण हा शब्द मी जन्मभर लोकांना म्हणत आलो होतो. स्वतःला पहिल्यांदाच ऐकू आला.

घरी येऊन मी एक जुनी आवक-वही काढली आणि तिच्यात सल्ल्यांची नोंद सुरू केली. अनुक्रमांक, तारीख, सल्लागार, गोषवारा, शेरा. दहा दिवसांत छत्तीस नोंदी झाल्या. त्यात ‘नंबर नसेलच’ असं म्हणणारे चार, ‘असेल’ म्हणणारे सहा, आणि ‘अशी गाडी घ्यायचीच कशाला’ म्हणणारे बाकी बहुतेक. अनंतरावांनी दातांच्या डॉक्टरचा आरसा आणला. त्यात त्यांना स्वतःचा डोळा फार स्पष्ट दिसला. गाडीच्या कंपनीच्या हैदराबादच्या गॅरेजची तारीख मुदतीनंतरची मिळाली. सल्ला क्रमांक एकोणतीस समोरच्या चंपतरावांचा होता. हे विमा विकायचे, आता नुसतेच विचारपूस करतात. मोबाईल काठीला बांधून इंजिनाखाली सोडायचा आणि फोटो काढायचा, असं त्यांचं म्हणणं. मोबाईल त्यांचाच, काठी माझी. काठी परत आली.

मोबाईल इंजिनाच्या पोटात कुठेतरी बसला आणि वाजू लागला. चंपतरावांनी गणपतीची आरती लावलेली होती. चंपतरावांना किती लोक फोन करतात, हे त्या दोन दिवसांत गल्लीला कळलं, आणि माझी बायको मीनाक्षी तुळशीला पाणी घालताना सवयीने टाळ्या वाजवायला लागली. शेवटी अनंतरावांनी खालचं झाकण काढून तो सोडवला. फोटो एकच निघाला होता, त्यात काठी धरलेला मी. शेरा: नंबर नाही.

साहेबांनी शेवटची तारीख दिली ती पोळ्याच्या अमावस्येची. त्याच दिवशी मुदत संपत होती. आमच्याकडे घरोघरी बैलांची पूजा असते, पण तेलंगणाच्या दप्तरी त्या दिवसाला सुट्टी नाही. आणि मीनाक्षी लग्नाला एकतीस वर्षं झाली तरी पोळ्याच्या आदल्या दिवशी बेल्याला माहेरी असतेच असते. हे कलम दुरुस्त होत नाही. तेव्हा ठरलं असं, की गाडीनेच बेल्याला जायचं, मुक्काम करायचा आणि सकाळी तिथूनच कचेरी गाठायची. अनंतरावांना कोणी बोलावलं नव्हतं. ते पुढच्या सीटवर आधीच बसलेले होते.

बेल्याला गाडी अंगणात उभी राहिली तेव्हा माझा मेहुणा वामनराव बैल धुऊन येत होता. कापूस, ज्वारी, दोन बैलजोड्या आणि कोणत्याही यंत्राबद्दल रास्त संशय, एवढं त्याच्याकडे आहे. अनंतरावांनी बॉनेट उघडलं, इंजिन सुरू ठेवलं आणि काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला त्याच्यावर ठेवला. पाणी हललं नाही. वामनरावाने वाकून पाहिलं, मग बंद पडलं का म्हणून विचारलं. अनंतरावांनी मला ॲक्सिलरेटर दाबायला सांगितला. आवाज चढला, अंगणातल्या कोंबड्या पांगल्या, पेल्यातल्या पाण्यावर वर्तुळही उठलं नाही. मग अनंतरावांनी तीन जोड्यांची कथा सांगितली.

“म्हंजे बैलंच होत जी हे,” वामनराव म्हणाला. “एक ओढून राह्यला त जोडीदार दम घेऊन राह्यला. आमच्या पवळ्या-ढवळ्याले हे जमत नाई.”

त्याच्या मागे बयनाआत्या उभ्या होत्या. मीनाक्षीच्या वडिलांची बहीण. सत्तरीच्या, कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीसारख्या बारीक. पाच गावांत गाय वेताला अडली की यांनाच बोलावणं येतं. त्यांनी पेल्यातलं पाणी पिऊन टाकलं आणि आत गेल्या.

संध्याकाळी बैलांची खांदमळण झाली. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा सोलतो, म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशी पळसाच्या पानाने त्याला कोमट तूप आणि हळद चोळतात आणि उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. दोन्ही जोड्यांचं आटोपलं आणि बयनाआत्या तुपाची वाटी घेऊन गाडीकडे वळल्या.

मी आडवा आलो. गाडी दुसऱ्याची आहे, माझी सही आहे, असं बरंच काही सांगितलं. मी त्या घरचा जावई. तिथे माझ्या शब्दाला मान असतो, असं मला एकतीस वर्षं वाटत आलं होतं.

“वढते त्याचा खांदा दुखते, जवाईबापू,” आत्या म्हणाल्या. “कागद करनाऱ्याचा दुखत नाई. सरका.”

मी सरकलो. गाडी दुपारपासून उभी होती, इंजिन पार निवलेलं. आत्यांनी बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या, त्यावर चिंधी बांधली आणि तूप-हळदीने माखलेला हात आत घातला. वर, बाजूला, मागे, खाली, थेट खांद्यापर्यंत. डोळे मिटलेले. अनंतराव आधी कासावीस झाले, मग बघतच राहिले. एका जागी आत्यांचा हात थांबला.

“वामन्या,” त्या म्हणाल्या, “याले डाग कोनं देल्ला?”

आम्ही हसलो. मी सर्वांत मोठ्याने. बैल चोरीला जाऊ नये म्हणून तापल्या लोखंडाने खूण करतात, तिला डाग म्हणतात. अनंतरावांनी त्यांना पंधरा मिनिटं समजावलं, की इंजिनाला डाग देत नसतात, ते साच्यात ओततात. आत्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, हात पुसला आणि गाडीच्या कानाशी, म्हणजे आरशापाशी, वाकून म्हणाल्या, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

सकाळी निघालो. मारुतीच्या देवळापर्यंत गेलो असू, तोच बॉनेटच्या फटीतून पांढरा धूर निघाला. मी थांबलो. भाच्याचा चेहरा, माझी सही, चौतीस वर्षं, सगळं त्या धुरात दिसलं. अनंतराव उतरले. त्यांनी कान लावला, तीन आजारांची नावं घेतली आणि तिन्हीत इंजिन उतरवावं लागतं असं सांगितलं. मग त्यांनी नाक जवळ नेलं, डोळे मिटले आणि बऱ्याच वेळाने निदान केलं.

“गाईचं आहे.”

टर्बोच्या तापल्या डब्यावर साजूक तूप कढत होतं. दोन कुत्री आणि निम्मं गाव वासावर जमलं. फडक्याने पुसून घेतलं, इंजिन शहाण्यासारखं गुरगुरत होतं, धोका काही नव्हता. पण गाव जमलं होतं. आणि गावाच्या लक्षात आलं की पोळ्याच्या दिवशी मी जुंपलेली गाडी घेऊन चाललोय.

म्हणजे असं, की पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. काल याची खांदमळण झाली, याने आवतण घेतलं, म्हणजे आज याचा सण. वामनराव माझा मेहुणा, पण तोच आपली बैलजोडी रस्त्यात आडवी घालून उभा राहिला. मी मुदतीचं सांगितलं. “तारीख सरकारची हाये, सन त्याचा हाये,” तो म्हणाला. “ज्याचा सन त्याले काऊन राबवता, भाऊजी?” मी कायद्याचा माणूस. मुद्दा बिनतोड आहे, हे मला कळत होतं, आणि घड्याळात नऊ वाजले होते.

वाद मिटवला आत्यांनीच. पोळ्याच्या सकाळी बैल जुंपत नाहीत, पण चरायला नेतात की नाही? नेतात. मग याला आदिलाबादला चरायला न्या. तिथे याचा चारा मिळतो, पंपावर. जेवायच्या वेळेला परत आणा. असा निकाल मी चौतीस वर्षांत एकाही हाकिमाच्या तोंडून ऐकला नव्हता. वामनरावाने बैल बाजूला घेतले. “आन् आवतनाचा बैल येकटा सोडत नाईत,” म्हणत आत्यांनी अनंतरावांना मागच्या सीटवर पाठवलं आणि पुढे बसल्या.

कचेरीत आमच्या पुढे अकरा गाड्या होत्या. चार तास गेले. तेवढ्या वेळात इंजिन पार निवलं. सरकारी दिरंगाईने कोणाचं भलं झाल्याची ही एक नोंद. साहेब आले, पुन्हा टॉर्च मारला, हळदीने पिवळं झालेलं इंजिन पाहून क्षणभर थांबले, पण त्याबद्दल नियम नसल्याने काही बोलले नाहीत. नंबर दिसला नाही. त्यांनी घड्याळ पाहिलं, मान हलवली आणि हिंदीत म्हणाले, की मला वाईट वाटतं, पण ठसा नाही तर फाईल नाही. या वेळी ते ‘रेपु’ म्हणाले नाहीत. रेपु उरलाच नव्हता.

मी हात जोडले. टेबलाच्या त्या बाजूने हात कसे जोडतात, याचा मला सराव नव्हता. अंगठे कुठे ठेवायचे ते कळेना.

बयनाआत्या जवळ आल्या. “साहेब काय पाहून राह्यले, जवाईबापू?”

“नंबर. इंजिनावर ठोकलेला असतो.”

“खोलगट? आखरं-आखरं?”

“हो.”

“मंग मी काल काय ईचारलं? डाग कोनं देल्ला म्हनून ईचारलं. तुमी हासले.”

मी अनंतरावांकडे पाहिलं. अनंतराव आपल्या चपलांकडे पाहत होते.

आत्यांनी बांगड्या वर सारल्या, चिंधी बांधली. साहेबांनी स्वतः कागद आणि पेन्सिल दिली आणि पेन्सिल आडवी कशी घासायची ते दाखवलं. आत्यांनी गाल बॉनेटच्या कडेला टेकवला, डोळे मिटले आणि हात आत सोडला. हवेच्या नळ्यांच्या मागे, खाली, जिथे तीन टॉर्च आणि एक दातांचा आरसा पोचला नव्हता. रांगेतले ड्रायव्हर गोळा झाले.  

“पाय सापडला,” आत्या म्हणाल्या.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ही कामाची भाषा आहे, पुढे चालू द्या.

कागद बाहेर आला तो पिवळा, तुपाने अर्धा पारदर्शक झालेला, आणि त्याच्यावर पेन्सिलीच्या करड्या पट्ट्यात एकूण एक अक्षर उमटलेलं. साहेब एकेक आकडा मोठ्याने वाचत गेले, मी फाईलवर बोट ठेवत गेलो. शेवटचा आकडा जुळला तेव्हा अनंतरावांनी चष्मा पुसला. साहेब आत गेले, स्वतःची खुर्ची आणून त्यांनी आत्यांना बसवलं. आम्हाला नाही. तुपामुळे ठशाला डिंक लागेना, म्हणून शिपायाने तो पिनेने टोचला. साडेतीन वाजता फाईल रुजू झाली. मुदत दीड तासावर होती.

परतीच्या वाटेत कापसातून जाणारा सरळ, मोकळा रस्ता लागला. आत्या म्हणाल्या, आता याचं चालणं दाखवा. काल उभं पाहिलं, आज चरताना पाहिलं.

मी पाय दाबला. आधी काहीच झालं नाही, डोळ्याची पापणी लवेल इतकंच. मग कुठूनतरी एक बारीक शीळ आली आणि त्या तीन जोड्यांनी आम्हाला उचललं. हिसका नाही, धडधड नाही. माप ओतावं तसा नुसता जोर, सरळ रेषेत, वाढत जाणारा. आवाज वर वर चढत एका सुरावर येऊन टेकला. पाठ सीटला चिकटली, दोन्ही बाजूंचा कापूस मिसळून हिरवी भिंत झाली. आयुष्यात मी पुष्कळ ताकदवान माणसं पाहिली, पण एवढी ताकद असून एवढं कमी बोलणारं कोणी पाहिलं नव्हतं. मागून अनंतराव पुटपुटत होते, “एक, पाच, तीन, सहा, दोन, चार,” जपाला बसल्यासारखे. काटा पुढे चालला होता. मी पाय काढून घेतला.

गाडी हळू झाली. आत्यांनी आधी इंजिनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, गुरांच्या बाजारात पाहतात तसं, पायांपासून वर.

“बैल नामी हायेत,” त्या म्हणाल्या. “हाकनारा भेकड हाये.”

जेवायच्या वेळेला गाडी बेल्याला होती. तोरणाखाली पवळ्या-ढवळ्याच्या शेजारी ती उभी राहिली आणि पुरणपोळीचा तुकडा आरशावर ठेवला गेला. मी इंजिन लगेच बंद केलं नाही. मिनिटभर सुरू ठेवलं, कागदावरच्या सूचनेप्रमाणे.

घरी आल्यावर आवक-वही काढली. छत्तीस सल्ल्यांखाली एक नोंद राहून गेली होती, कारण आत्यांनी सल्ला दिलाच नव्हता, प्रश्न विचारला होता. अनुक्रमांक सदतीस: ‘डाग कोणी दिला?’ शेरा: निकाली. तिच्याखाली अडतिसावी नोंद केली, तीही त्यांचीच, हाकणाऱ्याबद्दलची. त्या नोंदीच्या शेऱ्याचा रकाना अजून रिकामा आहे. माझ्या टेबलावरची ही पहिली प्रलंबित बाब.